खडू, चुना आणि प्लॅस्टरचा गणपती

(न्यूझीलंडमधील सभासदांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्त्या खनिजांच्या रसायनशास्त्रात संशोधन करतात. प्रयोग चालू असतानाची मधली बडबड गाळली आहे. – संपादक)



मला पाऊण तास दिला आहे आणि 'सगळ्यांना कळेल असं काहीतरी सायन्सचं बोला' एवढीच अट घातली आहे. खडू हा विषय मी स्वतः निवडला. एक तर तो स्वस्त आहे, आणि इथे बसलेल्या प्रत्येकाने तो हाताळला आहे, निदान अंगावर झेललेला तरी आहे. दुसरं कारण असं की गेल्या गणपतीपासून आपल्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीवरून जो वाद चालला आहे, त्यात दोन्ही बाजूंनी रसायनशास्त्राची पुष्कळ विधानं केली जात आहेत. 'प्लॅस्टर पाण्यात विरघळतच नाही', 'प्लॅस्टर विषारी आहे', 'प्लॅस्टर म्हणजे शेवटी खडूच, त्याने काय होतंय'. यातलं खरं काय हे खडू नीट समजला की बऱ्यापैकी तपासता येतं. म्हणून गणपतीकडे मी उशिरा येणार आहे, आधी खडू.

या टेबलावर तीन बश्या आहेत. पहिलीत भारतातून आणलेला शाळेचा साधा खडू आहे. दुसरीत ओमारू गावचा पांढरा दगड आहे, ज्याच्या कमानी आणि कोपरे तुम्ही डनीडिनच्या रेल्वे स्टेशनवर पाहिले असतील. तिसरीत जिब बोर्डाचा तुकडा आहे, म्हणजे आपल्या इथल्या घरांच्या भिंती ज्याच्या असतात तो, वरचा कागद काढलेला. तिन्ही पांढरे, तिन्ही नखाने थोडेफार खरवडता येतात, आणि तिन्हींनी फळ्यावर लिहिता येतं, मी लिहून पाहिलं आहे. आता तिन्हींवर स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर घालते. कुठे फेस येईल ते आधी सांगा.

(बहुतेकांनी शाळेच्या खडूवर पैज लावली.)

बघा, दगड फसफसतोय. जिब गप्प आहे, आणि खडूही गप्प आहे. म्हणजे शाळेचा खडू हा खडू नाही!

झालं काय, की 'खडू' हा शब्द आपण एका वस्तूच्या कामाला दिला आहे, पदार्थाला नव्हे. भूगर्भशास्त्रात ज्याला चॉक म्हणतात ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचाच एक मऊ, भुसभुशीत प्रकार. त्यावर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फेस येतो. आपल्या शाळांमधला स्वस्त खडू मात्र बहुधा जिप्समचा असतो, म्हणजे पाणी धरून बसलेलं कॅल्शियम सल्फेट. गावोगावच्या छोट्या उद्योगांत तो तसाच होतो: साच्याला तेलाचा हात फिरवायचा, प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून ओतायचं, घट्ट झालं की कांड्या काढून उन्हात वाळवायच्या. 'डस्टलेस' म्हणून मिळतो तो सहसा कार्बोनेटचा असतो, त्याचे कण जरा जड असल्यामुळे हवेत तरंगण्याऐवजी खाली पडतात. घरी मुलांबरोबर व्हिनेगर घालून बघा, तुमच्या पाकिटात कोणता आहे ते लगेच कळेल.

दोघांचे आकडे सांगते, ते पुढे लागणार आहेत. काठिण्याच्या मोह्स मापावर जिप्सम २, कॅल्साइट ३. आपलं नख साधारण अडीच, म्हणून जिप्समवर नखाने चरा पडतो, कॅल्साइटच्या स्फटिकावर पडत नाही. खडकातला खडू नखाने निघतो याचं कारण कण मऊ आहेत हे नसून ते एकमेकांना नीट चिकटलेले नाहीत हे आहे. घनता कॅल्साइटची २.७१, जिप्समची २.३. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्यात विरघळण्याचं प्रमाण. शुद्ध पाण्यात लिटरला कॅल्साइट जेमतेम १४ मिलिग्रॅम विरघळतो. जिप्सम लिटरला सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे दीडशे पटींहून अधिक. हा एक आकडा लक्षात ठेवलात तर बाकी भाषण विसरलात तरी चालेल.

जाता जाता एक गंमत. खडू पांढरा का? कॅल्साइटचा चांगला मोठा स्फटिक काचेसारखा पारदर्शक असतो, जिप्समचाही. पण तो बारीक दळला की प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर प्रकाश वळतो, परावर्तित होतो, आणि असंख्य वेळा हे झालं की सगळे रंग सारखेच विखुरून आपल्याकडे परत येतात. साखर, मीठ, फुटलेली काच, सगळ्यांचं हेच. शाळेत ओल्या फडक्याने फळा पुसला की अक्षरं गेल्यासारखी वाटायची आणि वाळल्यावर पुन्हा उमटायची, आठवतंय? फडक्याने कण गेलेलेच नसायचे. कणांमधल्या फटींत हवेच्या जागी पाणी भरलं की प्रकाश कमी वळतो, म्हणून कण दिसेनासे होतात. पाणी उडालं की परत हजर. मास्तर ओरडायचे ते फळा पुसणाऱ्यावर, खरा गुन्हेगार अपवर्तनांक.

आता खरा खडू येतो कुठून? इंग्लंडमध्ये डोव्हरचे पांढरे कडे आहेत ते खडूचे. त्याचं चूर्ण भिंगाखाली पाहिलं तर दिसतात एकपेशीय समुद्री जीवांच्या कवचांचे तुकडे. बरेचसे कॉकोलिथ, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या अंगावरच्या चकत्या. एकेक चकती काही मायक्रोमीटरची, आपला केस त्याच्या दहापटींहून जाड. हे जीव आजही समुद्रात आहेत. त्यांना बहर आला की समुद्राचा पट्टाच्या पट्टा दुधाळ होतो, आणि तो उपग्रहावरून दिसतो.

या विषयावरचं सगळ्यात प्रसिद्ध भाषण १८६८ साली थॉमस हेन्री हक्सले यांनी नॉर्विचमध्ये दिलं, आणि ते दिलं कामगारांपुढे. सुताराच्या खिशातल्या खडूवरून सुरुवात करून त्यांनी श्रोत्यांना पृथ्वीच्या वयापर्यंत नेलं. इतका जाड थर साचायला जो काळ लागला असेल तो बायबलच्या कालगणनेत बसत नाही, हे त्यांनी शिव्याशाप न देता, नुसते थर मोजून दाखवलं. 'ॲग्नॉस्टिक' हा शब्दही त्यांचाच, त्याच्या पुढच्या वर्षीचा. आपले आगरकर तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. आपल्या चळवळीत भाषणं भरपूर होतात, पण हातात वस्तू घेऊन केलेली कमी, असं माझं जुनं गाऱ्हाणं आहे. तेवढं नोंदवून पुढे जाते.

न्यूझीलंडमध्ये डोव्हरसारखा मऊ खडू सहज दिसत नाही, पण त्याचे भाऊबंद आहेत. कैकौराच्या किनाऱ्यावर जो पांढरट खडक दिसतो तो आमुरी चुनखडी. तोही समुद्रतळावरच्या असल्याच सूक्ष्म कवचांच्या गाळाचा, पण दाबाखाली घट्ट झालेला, त्यामुळे फळ्यावर लिहायला निरुपयोगी. ओमारूचा दगड वेगळा. त्यात ब्रायोझोआ नावाच्या वसाहती करून राहणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे भरपूर आहेत. तो इतका सच्छिद्र आणि मऊ असतो की खाणीतून करवतीने कापतात. साधारण साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र आपण घराच्या कोपऱ्याला लावतो.

मार्लबरोमध्ये वुडसाइड क्रीक नावाचा ओढा आहे. तिथल्या पांढऱ्या थरांमध्ये मातीची एक बारीक रेघ आहे, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. १९८० साली अल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अशनी आदळून डायनोसॉर संपले असावेत असं मांडलं, तेव्हा पुरावा म्हणून इरिडियमचं प्रमाण मोजलेल्या तीन जागा होत्या: इटली, डेन्मार्क आणि हा ओढा. आणि त्याच सुमाराला आपल्या महाराष्ट्रात काय चाललं होतं? लाव्हा वाहत होता. दख्खनचा काळा पाषाण त्या काळातला. म्हणजे इथे समुद्रतळावर पांढरा गाळ बसत होता आणि तिकडे सह्याद्रीचा काळा फळा तयार होत होता. यामुळेच महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात चुनखडीचा मोठा खडक नाही. ती आहे पूर्वेला, चंद्रपूर-वणीच्या बाजूला, म्हणून सिमेंटचे कारखाने तिकडे. देशावर जुन्या बांधकामाला चुना मिळवला तो काळ्या मातीतल्या कंकरापासून, आणि कोकणात समुद्रातल्या शिंपल्यांपासून.

चुन्याचं चक्र तुम्हाला शाळेत होतं, म्हणून भराभर सांगते. १०० ग्रॅम चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजली की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो तापतो, फुलतो आणि पानाला लावायचा चुना होतो. हा चांगला जळजळीत अल्कली असतो, हळद घातली की लाल करतो. भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. बैलाच्या घाणीत मळलेल्या चुन्याने बांधलेले आपले वाडे म्हणजे एका अर्थाने माणसाने बनवलेली चुनखडी.

जिप्समचं चक्र याहून सोपं. तिथे वायू नाही, फक्त पाणी जातं-येतं. जिप्समच्या वजनात जवळजवळ २१ टक्के पाणी स्फटिकात बांधलेलं असतं. दीडशे अंशांच्या आसपास तापवलं की त्यातलं तीन चतुर्थांश उडून जातं आणि उरतं ते प्लॅस्टर ऑफ पॅरिस. पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या टेकडीखाली जिप्समच्या खाणी होत्या म्हणून हे नाव. त्यात पाणी घातलं की ते पाणी परत स्फटिकात जाऊन बसतं, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि दहा-वीस मिनिटांत घट्ट गोळा होतो. घट्ट होताना ते आकसत नाही, किंचित फुगतं, त्यामुळे साच्यातली बारीकसारीक नक्षी हुबेहूब उतरते. मोडलेला हात बांधायला आणि मूर्ती ओतायला ते याच गुणामुळे सोयीचं. आणि जिब बोर्ड आग अडवतो तो त्या २१ टक्के पाण्यामुळे. आग लागली की आधी ते पाणी उकळावं लागतं, तेवढा वेळ आपल्याला मिळतो.

आता गणपती.

पेण आणि हमरापूरच्या परिसरात मूर्तींचा केवढा व्यवसाय आहे हे सांगायला नको. प्लॅस्टर तिथे आलं ते कोणाच्या दुष्टपणामुळे नाही. राजस्थानात जिप्सम मुबलक, माल स्वस्त, साच्यात भराभर ओतता येतो, मूर्ती हलकी होते आणि प्रवासात फुटत नाही. शाडूची मूर्ती जड, वाळायला वेळ, तडे जाण्याची भीती. आपल्यासारख्या परदेशी गिऱ्हाइकाला तर प्लॅस्टर फारच सोयीचं, कारण इथल्या विमानतळावर बुटाच्या तळव्याची माती दाखवावी लागते, तिथे मातीचा गणपती म्हणजे अधिकाऱ्याबरोबर अर्धा तास संवाद. त्यामुळे पिशवीतून येतो तो बहुधा प्लॅस्टरचा.

गेल्या वर्षी जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. आपल्यातल्याच एका कुटुंबाने, गाव सांगत नाही, अनंत चतुर्दशीला खाडीत विसर्जन केलं. तिसऱ्या दिवशी ओहोटीला हात आणि सोंड वर आली, आणि कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाईंना ती सापडली. त्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी मूर्ती उचलून टॉवेलात गुंडाळून घरी नेली आणि 'ही तुमच्यापैकी कोणाची का' असं विचारत फिरल्या. कुटुंबातल्या आजी त्या टॉवेलाकडे बघून रडल्या. रागही नव्हता त्यांचा कोणावर. त्यांच्या मते देव पाण्यात विरघळून जायला हवा होता आणि तो गेला नाही. त्यानंतर आपल्यात दोन तट पडले, आणि मघाशी सांगितलेली विधानं सुरू झाली.

पहिलं विधान, प्लॅस्टर विरघळत नाही. विरघळतं, पण किती ते बघा. लिटरला अडीच ग्रॅम. वीस लिटरच्या बादलीत एक किलोची मूर्ती ठेवलीत तर पन्नास ग्रॅम विरघळेल आणि मग पाणी तृप्त होईल. उरलेली साडेनऊशे ग्रॅम मूर्ती वर्षभर ठेवलीत तरी तशीच. ती पूर्ण विरघळायला चारशे लिटर पाणी हवं, आणि तेही हलतं. खाडीत पाणी भरपूर आणि वाहतं असल्यामुळे ती कधीतरी जाईल, पण वर ऑइल पेंटचा थर असेल तर पाणी आत पोचायलाच वेळ लागतो. तीन दिवस हा त्या हिशोबात काहीच नाही.

मग शाडू कसा विरघळतो? शाडू विरघळत नाहीच! आपली भाषा इथे थोडी घोटाळा करते. साखर विरघळते, माती विखुरते. शाडूच्या मूर्तीत कणाकणांना जोडणारं नवं काही तयार झालेलं नसतं. नुसतं वाळल्यामुळे ते चिकटलेले असतात, पाणी शिरलं की सुटतात आणि तळाशी गाळ होऊन बसतात. पदार्थ तेवढाच उरतो. आजींना अपेक्षित असलेली गोष्ट, म्हणजे आकार मोडून पुन्हा माती होणं, ती शाडू काही तासांत करतो, आणि 'पार्थिव' या शब्दाचा अर्थही तोच आहे. पण तोच गाळ शेकडो मूर्तींचा एका लहान तळ्यात गेला तर तळं भरतं. हा मुद्दा आपल्या बाजूचे लोक सहसा काढत नाहीत. काढला पाहिजे.

दुसरं विधान, प्लॅस्टर विषारी आहे. हे आपल्याच पत्रकांत मी वाचलं आहे आणि मला ते पटत नाही. आपण सगळे जिप्समच्या भिंतींत राहतो. टोफू गोठवायला कॅल्शियम सल्फेट वापरतात. इथल्या शेतकऱ्यांचं लाडकं सुपरफॉस्फेट, जे चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून विमानांनी डोंगरांवर टाकलं जातं, त्यात जिप्सम हा मोठा घटक असतो. समुद्राच्या पाण्यात मुळातच लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट आहे, आपल्या मूर्तीने त्यात काय भर पडणार? घातक आहेत ते रंग, म्हणजे शिसं, क्रोमियम, पारा असलेले जुन्या पद्धतीचे रंग. ते शाडूवर लावले तरी तितकेच घातक. आणि साठलेल्या पाण्यात मात्र सल्फेट निरुपद्रवी राहत नाही. प्राणवायू संपला की तिथले जीवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, कुजक्या अंड्याचा वास येतो तो. विहीर, गावतळं, खाण भरून झालेलं डबकं, या ठिकाणी प्लॅस्टरवरचा आक्षेप पूर्ण खरा आहे. तेव्हा 'विषारी' न म्हणता 'साठलेल्या पाण्यात घातक, वाहत्या पाण्यात न मोडणारं, आणि रंगासकट कुठेच नको' असं म्हणा. घोषणा लांबते खरी, पण प्रतिपक्षातला एखादा केमिस्ट उठून आपल्याला गप्प करू शकत नाही.

तिसरं विधान, प्लॅस्टर म्हणजे शेवटी खडूच. फळ्यावरचा खडू म्हणाल तर बरोबर. पण खरा खडू, म्हणजे कार्बोनेट म्हणाल, तर अजून नाही. तो करता येतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, आपल्या एनसीएलने, जी पद्धत पुढे आणली आणि पुणे महापालिकेने २०१६ पासून जिचा प्रसार केला, ती हीच. मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ठेवायची. सुरुवातीचे दोन आकडे आठवा, अडीच ग्रॅम आणि १४ मिलिग्रॅम. जिप्सममधून थोडं कॅल्शियम पाण्यात येतं. तिथे त्याला कार्बोनेट भेटतं, आणि कॅल्शियम कार्बोनेट तर जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून ते लगेच पांढऱ्या गाळाच्या रूपाने खाली बसतं. पाण्यातलं कॅल्शियम कमी झालं म्हणून मूर्तीतून आणखी येतं, तेही खाली बसतं. असं करत करत सगळी मूर्ती मोडते. बादलीच्या तळाशी उरतो खरा खडू, आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खत. लहान मूर्तीला साधारण दोन दिवस लागतात.

रसायन म्हणून हे नवीन नाही. बिहारमधल्या, आताच्या झारखंडमधल्या, सिंद्रीच्या खत कारखान्यात पन्नासच्या दशकात जिप्सम आणि अमोनियापासून अमोनियम सल्फेट बनायचं ते याच मार्गाने, आणि उरलेला खडूचा चिखल शेजारच्या सिमेंट कारखान्याला जायचा. एनसीएलचं श्रेय हे की कारखान्यातली गोष्ट त्यांनी बादलीत आणली. अमोनियम बायकार्बोनेट तुम्ही खाल्लेलं आहे. बेकरीवाले 'अमोनिया' म्हणून बिस्किटात घालतात तेच हे.

आपल्याला किती लागेल? मूर्तीच्या एक किलो वजनाला सव्वानऊशे ग्रॅम, म्हणजे सोयीसाठी वजनाला वजन. पाणी दहा लिटर. यातून सुमारे ५८० ग्रॅम खडू आणि ७७० ग्रॅम अमोनियम सल्फेट मिळतं. शिवाय अडीचशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जवळजवळ १४० लिटर वायू. त्यामुळे झाकण घट्ट लावायचं नाही आणि बादली अंगणात किंवा उघड्या गॅरेजमध्ये ठेवायची, बाथरूममध्ये नाही. अमोनियाचा वास येतो, दमेकऱ्यांनी दूर राहावं. हातमोजे घाला आणि अधूनमधून काठीने ढवळा, नाहीतर गाळाचा थर मूर्तीला धरून बसतो.

आणि ते पाणी कुठे टाकायचं? इथे मला जरा आवाज चढवायचा आहे. रस्त्याकडेच्या गटारात अजिबात नाही. आपल्या इथली पावसाच्या पाण्याची गटारं सरळ ओढ्यात जातात. अमोनिया माशांना फार थोड्या प्रमाणात मारतो, आणि नद्यांतल्या नायट्रोजनवरून या देशात काय रण माजलं आहे ते तुम्ही रोज वाचता. ज्या देशाने २०१७ साली कायद्याने वांगानुई नदीला व्यक्तीचा दर्जा दिला, तिथे आपण 'पर्यावरणपूरक' म्हणून ओढ्यात खत ओतणं हे प्लॅस्टरपेक्षा वाईट. एका किलोच्या मूर्तीचं खत भरपूर पाणी घालून साधारण पंचवीस चौरस मीटर हिरवळीवर पसरावं. रंग कसले आहेत माहीत नसेल तर भाजीच्या वाफ्यात नको. किंबहुना मूर्ती बिनरंगी किंवा गेरू-हळदीची असेल तरच मी या पद्धतीला पूर्ण हो म्हणेन.

पद्धतीच्या मर्यादा उघड आहेत. घरगुती मूर्तीला ती ठीक. वीस फुटी सार्वजनिक मूर्तीला टनावारी रसायन लागेल आणि तेवढं खतपाणी, ते कोण वाहून नेणार? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित सूचनांमध्ये प्लॅस्टरला मनाई केली. मग जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला परवानगी दिली, पण नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जन परवानगीशिवाय नाही असं सांगितलं. पेणच्या कारागिरांचं पोट आणि नदीचं पाणी यांच्यामध्ये न्यायालय वाट काढत आहे. मला इथे बसून कारागिरांना उपदेश करावासा वाटत नाही.

आता दोन आक्षेप, जे या हॉलमध्येच आहेत. एक श्रद्धाळू मंडळींचा: बादलीत केमिकल घालून केलं ते विसर्जन कसलं? यावर मी आजींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, 'अगं, विरघळतो ना? मग झालं.' त्यांनी बादलीला हळदकुंकू लावणार असल्याचंही सांगितलं, त्याला माझी हरकत नाही, हळद या पाण्यात थोडी तांबूस दिसेल एवढंच. दुसरा आक्षेप आपल्या विवेकवादी मित्रांचा, आणि तो मला जास्त अवघड वाटतो. विज्ञानाने कर्मकांड सोपं कशाला करून द्यायचं? मूर्तीच आणू नका म्हणावं. मी घरी मूर्ती बसवत नाही, तेव्हा हे म्हणणं मला सोपं आहे. पण डॉ. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने विसर्जित मूर्ती आणि निर्माल्य दान करण्याची मोहीम चालवली, तेव्हा त्यांनी नदीकाठी उभं राहून आधी देव मानणं सोडा अशी अट घातली नव्हती. नदीत टाकू नका, आमच्याकडे द्या, एवढंच म्हणत होते. लोकांनी मूर्ती दिल्याही. ज्यांना धातूची मूर्ती किंवा सुपारी ठेवून तीच दरवर्षी वापरायची आहे त्यांना तर रसायनाची गरजच नाही, आणि रसायनशास्त्रज्ञ म्हणून मला तोच उपाय सगळ्यात आवडतो.

एक राहिलं. या टेबलावर पाउवाचा शिंपला ठेवला आहे, त्याचा खडूशी संबंध काय असं मघाशी कोणीतरी विचारलं. तेच कॅल्शियम कार्बोनेट, आतला चमकता थर ॲरागोनाइट या वेगळ्या रचनेचा, आणि कॅल्साइटपेक्षा जरा लवकर विरघळणारा. हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरला की पाण्यातलं कार्बोनेट कमी होतं आणि असली कवचं बांधणं जड जातं. थंड पाण्यात हे आधी जाणवतं, म्हणजे आपल्या दक्षिणेच्या समुद्रात. ओटागोच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या मुनिडा या ठरलेल्या मार्गावर १९९८ पासून याची मोजणी चालू आहे. औद्योगिक युगापासून जगातल्या समुद्राचा पीएच सुमारे ०.१ ने उतरला आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या मापात त्याचा अर्थ हायड्रोजन आयन पाव पटीहून जास्त वाढले असा होतो. यावर पुढे कधीतरी स्वतंत्र बोलू, आज वेळ नाही.

बादलीचा प्रयोग मी पुढच्या महिन्यात एका छोट्या बिनरंगी मूर्तीवर करून दाखवणार आहे. कोणाकडे मोठं अंगण आहे आणि शेजाऱ्यांचं नाक तिखट नाही, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावं. त्या आजींनी येते म्हणून कळवलं आहे. आता प्रश्न विचारा.